बडोद्यात कमर्शियल साईटवर सुतारकामाला लागताय? आधी एवढं वाचा

भायली, सेवासी, गोत्री, ओल्ड पादरा रोड, मकरपुऱ्याची जीआयडीसी (औद्योगिक वसाहत), बडोद्यात कुठेही जा, ऑफिसं नि शोरूमच्या इमारतींचे सांगाडे उभे राहताना दिसतात. या साईटवर मराठी मुलंही येतात. काही इथल्याच वाडी, दांडिया बाजारातल्या घरांतली, काही नंदुरबार, धुळे, जळगावकडून आलेली. गावच्या मिस्त्रीच्या हाताखाली रंधा आणि पटाशी चालवायला शिकलेली असतात, त्यामुळे सुतारकाम म्हणजे सुतारकाम, त्यात नवीन काय, असं त्यांना वाटतं.

नवीन आहे ते मापाचं. कमर्शियल साईटवर लाकूड कमी आणि माप फार. सुताराने आखलेली रेषा धरून पुढे गवंडी, टाईलवाला, काचवाला, एसीवाला असे सगळे काम करतात. ती रेषा अर्धा इंच सरकली तर बोलणी सगळ्यांची, आणि ती ऐकायची सुताराने. म्हणून हातात हत्यार घ्यायच्या आधी काय काय समजून घ्यायचं, ते कामाच्या क्रमाने सांगतो.

आधी ठरवा: सेंटरिंग की फिनिशिंग

एकाच इमारतीत सुतार दोनदा येतो. पहिल्यांदा येतो तेव्हा इमारत नसतेच; कॉलम, बीम, स्लॅब ज्या साच्यात ओतायचे तो साचा तो बांधतो. हे सेंटरिंग-शटरिंगचं काम. दुसऱ्यांदा येतो तो प्लास्टर, फरशी झाल्यावर: दारं, पार्टिशन, पॅनेलिंग, काउंटर, कपाटं. हे फिनिशिंग किंवा इंटिरिअर. दोन्हीकडे मुकादम वेगळा, हत्यारं वेगळी आणि पैसे मिळायची पद्धतही वेगळी. एका टोळीतला माणूस सहसा दुसरीकडे जात नाही.

ताकद असेल आणि उंचीची भीती नसेल तर सेंटरिंगला लवकर काम मिळतं. हात बारीक चालत असेल, सांधा नीट जुळल्याशिवाय चैन पडत नसेल तर फिनिशिंग धरा. तिथे शिकायला वेळ लागतो, पण वय झाल्यावरही काम सुटत नाही. माझं मत विचारलं तर पहिले काही महिने सेंटरिंगवर काढून मग फिनिशिंगला जावं. काँक्रीट कुठे वाकडं होतं आणि का होतं हे ज्याने पाहिलंय, तो दाराची चौकट बसवताना भिंतीवर आंधळा विश्वास ठेवत नाही.

आठवी झालेल्यांना आयटीआयचा कारपेंटर ट्रेडचा एक वर्षाचा कोर्स करता येतो. तरसालीच्या आयटीआयमध्ये जाऊन प्रवेशाची चौकशी करा. सर्टिफिकेटने हात तयार होत नाही हे खरं, पण मोठ्या कंपनीच्या साईटवर नाव चढवताना ते कामी येतं.

एक गोष्ट मनाशी पक्की करून या. बडोद्याजवळ संखेडा आहे, तिथली लाखकाम केलेली सागवानी खुर्ची नि झुला प्रसिद्ध. जुन्या पोळींतल्या (गल्ली-मोहल्ल्यांतल्या) घरांवरची कोरीव तुळई पाहून कुणाचेही डोळे निवतात. त्यातलं काहीही कमर्शियल साईटवर करायला मिळत नाही. इथे प्लाय, लॅमिनेट, फ्लश डोअर (सपाट दार) आणि सरळ रेषा.

मिलिमीटरशी मैत्री

ड्रॉइंग येतं मिलिमीटरमध्ये. आपले मिस्त्री बोलतात फूट, इंच आणि सुतात. एक सूत म्हणजे एक अष्टमांश इंच, सव्वातीन मिलिमीटरच्या थोडं आत. घरकामात ‘पंचवीस मिलिमीटरचा इंच’ धरून निभावतं. पण बारा फुटांचं काउंटर घ्या. बारा फूट म्हणजे १४४ इंच. पंचवीसने गुणलं तर ३६०० मिलिमीटर, खरं माप ३६५७.६. दोन इंचांहून जास्त फरक! दोन भिंतींच्या मधे बसायचं काउंटर तेवढं आखूड आलं तर ते परत गोडाऊनमध्येच जाणार. म्हणून साईटवर टेप मिलिमीटरच्या बाजूने वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावा आणि डोक्यातल्या डोक्यात बदल करणं सोडा.

ड्रॉइंगवर ‘गुड फॉर कन्स्ट्रक्शन’ असा शिक्का आणि रिव्हिजनचा नंबर पाहिल्याशिवाय आखणी करू नका. आर्किटेक्टकडून तिसरी रिव्हिजन आलेली असते आणि मुकादमाच्या खिशात घडी घातलेली पहिली असते, हे नेहमीचं. नवखा माणूस विचारायला लाजतो. विचारा. ड्रॉइंगचा नंबर विचारणाऱ्याला कुणी हसत नाही.

कॉलमचा डबा

सेंटरिंगमधलं सगळं शहाणपण एका कॉलमात शिकता येतं, म्हणून इथे थोडं थांबू.

स्लॅबवर ग्रिडची, म्हणजे कॉलम कुठे येणार ते दाखवणारी, रेषा आधीच मारलेली असते. तिच्यावरून कॉलमच्या चारही बाजू रंगाच्या दोरीने आखायच्या, आणि गुण्या छोटा पडतो म्हणून काटकोन तीन-चार-पाचने तपासायचा: एका बाजूला तीन फूट, दुसरीला चार, तिरकं बरोबर पाच. मग तीन-चार इंच उंचीचा स्टार्टर, म्हणजे कॉलमचा काँक्रीटचा छोटा पायथा. हा चुकला तर वरचा दहा फुटांचा कॉलम चुकला, तरी नेमकं हेच काम संध्याकाळी घाईत उरकलं जातं.

फळ्यांना तेल लावायचं ते उभ्या करायच्या आधी. सळ्यांवर तेल गेलं तर काँक्रीट सळीला धरत नाही. सळीला कव्हर ब्लॉक, म्हणजे तिला फळीपासून दूर ठेवणारे ठोकळे, आहेत का पाहा. कॉलमला साधारणपणे ४० मिलिमीटर कव्हर लागतं. फळ्यांच्या सांध्यात फोमची पट्टी द्या, नाहीतर स्लरी (सिमेंटचं पातळ पाणी) गळते आणि सेंटरिंग खोलल्यावर तिथे खडीच खडी दिसते. मग शिकंजे, म्हणजे कॉलमचा साचा (डबा) चारही बाजूंनी आवळणाऱ्या पट्ट्या. ते खाली जवळजवळ आणि वर थोडे लांब लावायचे, कारण ओल्या काँक्रीटचा दाब खाली वाढत जातो. तीन मीटरचा कॉलम एका दमात भरला तर तळाशी दर चौरस मीटरला साडेसात टनांपर्यंत दाब येऊ शकतो. डबा फुटतो तो बहुतेक वेळा खालच्या तिसऱ्या हिश्शात, ते यामुळेच.

आता ओळंबा. डब्याच्या वरच्या काठाला एक पट्टी अशी ठोका की ती बरोबर १०० मिलिमीटर बाहेर येईल. तिच्या टोकाला दोरी बांधून ओळंबा खाली सोडा. दोरी आणि फळी यांतलं अंतर वर १००, मधे १००, खाली १०० आलं की ती बाजू उभी आहे. लगतच्या दुसऱ्या बाजूलाही असंच. वाऱ्याने ओळंबा डुलत असेल तर तो पाण्याच्या बादलीत बुडवा, शांत होतो. वाकडं असेल तर तिरके टेकू सैल-घट्ट करून डबा ओढायचा. पाचर ठोकून ढकलत बसू नका.

भरून झाल्यावर व्हायब्रेटर थांबला की लगेच परत एकदा ओळंबा लावा. तेव्हा डबा हलवता येतो, तासा-दोन तासांनी नुसता पाहता येतो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे कॉलम-बीमच्या छेदाच्या मापात १२ मिलिमीटर जास्त आणि ६ मिलिमीटर कमी एवढाच फरक चालतो. साईटवर कुणी ‘चालशे’ (गुजरातीत ‘चालेल’) म्हणालं की टेप काढून हा आकडा दाखवा.

स्लॅब, टेकू आणि खोलण्याची घाई

सहा इंचाच्या स्लॅबचं ओलं वजन दर चौरस फुटाला साधारण ३५ किलो. त्यात वर चालणारी माणसं, पंपाचा पाईप, एका जागी ओतलेला ढीग. हे सगळं काही दिवस फक्त टेकूंवर असतं. त्यामुळे टेकू उभा, टेकूखाली फळी, आणि टेकू एकमेकांना आडव्या पाईपने बांधलेले, यात तडजोड नाही. तळमजल्याला टेकू भरावावर येतात. काळी माती असेल तर पाणी मुरल्यावर ती खचते, म्हणून क्युरिंगचं (काँक्रीट ओलं ठेवायला मारलेलं) पाणी टेकूंच्या बुडाशी साचतंय का ते रोज पाहा. विटांचे तुकडे रचून टेकूची उंची भरणारा मुकादम दिसला तर त्या स्लॅबखाली उभे राहू नका.

सेंटरिंग कधी खोलायची? आयएस ४५६ मधले कमीत कमी दिवस पाठच करा. कॉलम, भिंत आणि बीमच्या उभ्या बाजू: १६ ते २४ तास. स्लॅबचा तळ, टेकू लगेच परत लावायचे असतील तर: ३ दिवस. बीमचा तळ तसाच: ७ दिवस. टेकू पूर्ण काढायचे तर साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४. सहा मीटरपर्यंतच्या बीमला १४ आणि पुढे २१. हे साध्या पोर्टलँड सिमेंटचे आणि तापमान १५ अंशांच्या खाली नसतानाचे आकडे. पीपीसी (फ्लाय अ‍ॅश वगैरे मिसळलेलं) सिमेंट असेल तर जास्त थांबावं लागतं. ऑफिसच्या इमारतीत गाळे मोठे, बीम लांब, म्हणजे १४ आणि २१ हेच आकडे जास्त लागतात. आणि प्लाय अडकून पडला की ठेकेदाराचा पैसा अडकतो, म्हणून खोलायची घाई त्यालाच सगळ्यात जास्त. खोलायचा निर्णय इंजिनिअरचा असतो. त्याची लेखी परवानगी मागा, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी.

पैशाचं इथेच सांगून टाकतो. शटरिंगचं माप काँक्रीटला जेवढा साचा टेकला तेवढ्याचंच मिळतं. ३०० बाय ६०० मिलिमीटरचा तीन मीटर उंच कॉलम म्हणजे घेर १.८ मीटर, गुणिले तीन, ५.४ चौरस मीटर. प्लाय बाहेर कितीही वापरा, टेकू कितीही लावा, माप एवढंच. उक्तं काम घेताना हा हिशेब येत नसेल तर दर परवडतो की नाही हेच कळणार नाही.

फिनिशिंगचा पाया: मीटर लेव्हल

इंटिरिअर सुरू होताना प्रत्येक कॉलमवर आणि भिंतीवर एक आडवी रेषा मारली जाते, तयार फरशीच्या बरोबर एक मीटर वर. दाराची उंची, काउंटर, सीलिंग, स्विचबोर्ड, सगळं या रेषेपासून मोजायचं. जमिनीपासून मोजायचं नाही, कारण जमीन अजून तयार नाही आणि आहे ती सपाट नाही. आता लेझर असतो, पण लेझर एकदा हातातून पडला की त्याच्यावर भरवसा नाही. पाण्याच्या नळीने दोन टोकं ताडून पाहा. नळीत बुडबुडा राहिला तर तीही खोटं सांगते.

इथे कामाचा क्रम फार महत्त्वाचा. जिप्समचं पार्टिशन बहुधा वेगळा ठेकेदार करतो. त्यावर टीव्ही, कपाट, फळी लटकायची असेल तर बोर्ड बंद व्हायच्या आधी आत अठरा-एकोणीस मिलिमीटरचा प्लाय बसवून घ्यायला हवा. नुसत्या साडेबारा मिलिमीटरच्या बोर्डात स्क्रू धरत नाही. हे कुणाच्याच ड्रॉइंगमध्ये नीट दाखवलेलं नसतं. तुम्ही आठवण केली तर झालं, नाहीतर भिंत फोडा. तसंच एसी आणि स्प्रिंक्लरचे पाईप पुरे होऊन त्यांचं टेस्टिंग होईपर्यंत सीलिंगखालची लाकडी कामं हातात घेऊ नका.

दारं

फ्लश डोअर फरशी पूर्ण झाल्यावरच टांगायचं. दोन्ही बाजूंना आणि वर तीन-तीन मिलिमीटर फट, खाली पाच-सहा. ऑफिसच्या दाराला क्लोजर (दार आपोआप मिटवणारा) येतो, दिवसभर उघडझाप होते, म्हणून बिजागऱ्या तीन, आणि वरची वरच्या टोकाजवळ. वरच्या बिजागरीवर ओढ सगळ्यात जास्त.

बडोद्याची हवा लक्षात ठेवा. मे महिन्यात पारा ४०च्या वर आणि हवा कोरडी, जुलै-ऑगस्टमध्ये दमट. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत फुगतं. उन्हाळ्यात घट्ट बसवलेलं दार पावसाळ्यात अडकतंच. मग फोन येतो, सुतार रंधा घेऊन जातो आणि कड तासतो. ऑक्टोबरात तीच फट मोठी दिसते. त्यापेक्षा कडा आणि वरचा-खालचा भाग आधीच नीट सील करा. वरची-खालची कड दिसत नाही म्हणून पॉलिशवाला ती सोडतो, आणि पाणी तिथूनच आत जातं.

जिन्याकडचं फायर डोअर (आग अडवणारं दार) मात्र तासायचं नाही, त्याला जादा भोक पाडायचं नाही, वेगळी कडी लावायची नाही. ते तपासणी होऊन ठरावीक मिनिटांच्या आगीसाठी पास झालेलं असतं. कडेला आगीत फुगणारी पट्टी असते. तुम्ही त्यात काहीही फेरफार केलात की त्या सर्टिफिकेटला अर्थ राहत नाही. अडकत असेल तर कंपनीच्या माणसाला बोलवा. सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये २४ मे २०१९ रोजी आग लागली, २२ जीव गेले, मुलं वरच्या मजल्यावरून उड्या मारत होती. ती कमर्शियल इमारतच होती. दुकानदार म्हणतो, ‘मिस्त्री, जिन्यासमोर एक लाकडी पार्टिशन टाका, स्टोअर होईल.’ नाही म्हणायचं. ते काम दुसऱ्याने केलं तरी चालेल, आपलं नाव त्यात नको.

प्लाय कुठला घ्यायचा

साध्या कपाटांना आयएस ३०३ चा, पाण्याजवळ ७१० चा. आठ बाय चारच्या शीटवर आयएसआयचा शिक्का आणि लायसन्स नंबर छापलेला असतो. माल उतरवताना फोटो काढून ठेवा. लॅमिनेट एका बाजूला लावलं तर मागेही पातळ लॅमिनेट लावा, नाहीतर पल्ला धनुष्यासारखा वाकतो. शीट कापायच्या आधी कागदावर कटिंग काढा आणि ब्लेड जी तीनेक मिलिमीटर खाते ती त्यात धरा.

तळमजल्याच्या दुकानात पुराचाही विचार करावा लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं. कितीतरी दुकानांची कपाटं खालून फुगून गेली. सखल भागात खालचे दोन-तीन फूट पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा नि प्लॅस्टिकच्या) बोर्डात करा, वर प्लाय. गिऱ्हाईक आधी कुरकुर करतं, तरी सुचवून ठेवा. चौकटीचं लाकूड फरशीत पुरू नका, वाळवी तिथूनच चढते.

हातपाय शाबूत ठेवायचे

हेल्मेट, हार्नेस वगैरे साईटवर सांगतीलच. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावा एवढं माझं. दोन गोष्टींबद्दल मात्र कुणी बोलत नाही. एक, खोललेल्या फळीतले खिळे. फळी खाली ठेवायच्या आधी खिळा काढा किंवा मोडा. गंजका खिळा बुटातून आरपार जातो. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते लक्षात ठेवा. दुसरी, मार्बल कटरला लाकडाची ब्लेड लावून गार्ड काढून चालवायची पद्धत. सगळे करतात. ग्राइंडरला दातेरी ब्लेड लावणं त्याहून वाईट, मशीन उसळलं तर सावरायला वेळच मिळत नाही. गार्ड असलेली सर्क्युलर सॉ वापरा, नसेल तर शेठकडे मागा, आणि पहिल्या कमाईतून जमलं तर स्वतःची घ्या.

कागदपत्रं आणि पैसे

बांधकाम कामगार म्हणून नोंदणी करून घ्या. वय १८ ते ६० मधे हवं आणि मागच्या बारा महिन्यांत निदान ९० दिवस बांधकामावर काम झालेलं हवं. गुजरातेत याला ई-निर्माण कार्ड म्हणतात. हजेरीचा पुरावा लागतो, म्हणून मुकादमाच्या वहीवर न विसंबता स्वतःची तारीखवार वही ठेवा: साईट, काम, किती तास, उचल किती घेतली. उचलीवरूनच भांडणं जास्त होतात, कामावरून कमी.

स्वतः ठेका घ्यायला लागलात की दर, माल कुणाचा, वाहतूक कुणाची, वरच्या मजल्यावर चढवायची मजुरी कुणाची, हे सगळं लिहून घ्या. शेवटचा मुद्दा सगळे विसरतात आणि सातव्या मजल्यावर प्लाय हाताने चढवत बसतात. वैयक्तिक ठेकेदाराच्या बिलातून १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो. पॅन दिलं नाही तर हाच आकडा २० टक्क्यांवर जातो. शिवाय बिलातला काही भाग डिपॉझिट म्हणून मागे राहतो. किती टक्के आणि कधी सुटणार, ते ऑर्डरमध्ये आकड्यात आणि तारखेत असू द्या.

काम संपलं की स्नॅग लिस्ट येते: इथे लॅमिनेट उचकटलं, तिथे ड्रॉवर घासतो. ती लिस्ट कागदावरच घ्या, तोंडी घेऊ नका, आणि प्रत्येक ओळ झाली की त्यापुढे सही. डिपॉझिट सुटायच्या आधी, पावसाळा ओसरल्यावर, एक फेरी न बोलावता मारा. क्लोजरचा वेग, बिजागऱ्यांचे स्क्रू, टॉयलेटच्या दारांचा खालचा भाग तपासा, किरकोळ असेल ते तिथल्या तिथे करा आणि ऑफिसातल्या अ‍ॅडमिनच्या माणसाकडून तारीख टाकून सही घ्या. तो कागद शेवटच्या बिलाला जोडायचा.